स्टोक पोजेसचं थडगं: कवीचं म्हणून बघायला गेले, निघालं दोन दुकानदार बहिणींचं

ठिकाण: सेंट जाइल्स चर्चचं आवार, स्टोक पोजेस, बकिंगहॅमशायर. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

आधी माझ्याविषयी थोडं सांगते, नाहीतर वाचणारे म्हणतील ही बाई कवीच्या थडग्यावर ब्लाऊजच्या गोष्टी का सांगतेय. मी सांगलीची. गणपती पेठेच्या मागच्या बोळात माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, ब्लाऊज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान होतं. एकतीस वर्षं चालवलं. कटिंग अक्का करायची, गिऱ्हाईक मी सांभाळायची. माझं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, तेही मराठी शाळेत. इंग्रजी कविता म्हटलं की माझा संबंध तिथंच संपतो.

मुलगा स्लाऊला नोकरीला आहे. लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाच्या जवळच. आम्ही दोघं तीन महिने त्याच्याकडं राहिलो. तिथून उत्तरेला तीनेक मैलांवर हे गाव. मुलगा म्हणाला, "आई, थॉमस ग्रेची कबर बघायला चल. याच गावात राहून त्यानं स्मशानावर कविता लिहिली, आणि तिथंच त्याला पुरलं. आम्हाला कॉलेजला होती ती." मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी स्मशानात? पण पोराला कॉलेजातलं काहीतरी आठवतंय, यातच मला समाधान वाटलं.

पहिली फेरी फुकट गेली. मुलगा कामावर होता, म्हणून सूनबाई आणि मी टॅक्सीनं निघालो. ड्रायव्हरनं गावाच्या भलत्याच टोकाला सोडलं आणि गेला. पाऊस, दोघींत एक छत्री, आणि माझ्या पायांत चपला. चर्च गावाच्या वस्तीत नाही, बाजूला आहे. त्यामुळं टॅक्सीला नुसतं गावाचं नाव सांगू नका, चर्चचा पत्ता द्या. आम्ही भिजून परत आलो. सूनबाईला शिंका, मला बोलणी.

दुसऱ्या खेपेला ऑक्टोबरातल्या एका रविवारी मुलाच्या गाडीतून गेलो. ऊन पडलं होतं, तिकडं पडतं तसं, दिसायला ऊन आणि अंगाला गार. आमचे हे म्हणाले, "तुम्ही या बघून, मी इथंच बसतो." सीट मागं केली आणि झोपले.

लाकडी छपराच्या फाटकातून आत गेलं की दोन्ही बाजूंना दगडच दगड. काही सरळ उभे, काही पुढं कललेले, काहींवर करडं-पिवळं दगडफूल चढलेलं. चर्चच्या भिंती गारगोटीच्या दगडाच्या, अंगाला खडबडीत. त्यालाच चिकटून एक लाल विटांचं दालन आहे, सोळाव्या शतकातलं. शेजारी यू नावाचं गडद हिरवं, जुनं झाड. कवितेतही यू येतो म्हणे. इथपर्यंत मुलगा बोलत होता आणि मी पायांखाली बघत चालले होते, कारण कुणाच्या छातीवर पाय पडायला नको.

थडगं चर्चच्या पूर्वेच्या भिंतीशी आहे, त्या लाल दालनाच्या खिडकीसमोर. मी त्याच्याजवळून दोनदा गेले. थोर कवीचं म्हटल्यावर मला वाटलं काहीतरी उंच असेल, पुतळा असेल, निदान एखादी परी तरी असेल. प्रत्यक्षात विटांची साधी पेटी आणि वर दगडाची लांब फरशी. माझ्या डोळ्यांच्या मापानं आमच्या कटिंगच्या टेबलाएवढी. उंचीही तेवढीच, कमरेच्या जरा खाली. पर्समधून टेप काढली तर मुलगा ओरडला, "आई! संरक्षित वास्तू आहे ती!" मी काय टेप चिकटवणार होते की काय? पण त्याचं बरोबर होतं. चर्च तिथल्या पहिल्या श्रेणीच्या वारसा यादीत आहे, आणि हे थडगंही संरक्षित. परवानगीशिवाय वीटही हलवता येत नाही. मी टेप परत गुंडाळून ठेवली.

मग मी त्याचं नाव शोधायला लागले. फरशीवर अक्षरं आहेत, झिजलीत, डोळे बारीक करून वाचावी लागतात. इंग्रजी अक्षर मला लागतं, अर्थ मुलगा सांगत होता. ग्रे सापडलं, पण पुढं नाव बाईचं. डोरोथी. त्याच्यावर आणखी एक बाई, मेरी अँट्रोबस. फरशीला वळसा घातला, बाजूच्या विटा बघितल्या. थॉमस कुठंच नाही.

"ही त्याची कबर नव्हेच," मी म्हटलं. "चुकीच्या दगडापाशी आणलंस."

तेव्हा मुलानं भिंतीकडं बोट दाखवलं. खिडकीखाली एक पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय की या दगडासमोर, ज्या थडग्यावर त्यानं आपल्या आईच्या जाण्याचं दुःख कोरलं त्याच थडग्यात, कविता लिहिणारा थॉमस ग्रेही आहे, आणि त्याला ६ ऑगस्ट १७७१ रोजी पुरलं. म्हणजे नाव भिंतीवर, माणूस फरशीखाली. फरशी आई आणि मावशीची.

इथं मी बाकावर बसले आणि मुलाला म्हटलं, आता मला सगळं पहिल्यापासून सांग, आणि कविता मागून.

त्यानं फोनमध्ये बघून बघून सांगितलं. डोरोथी आणि मेरी या सख्ख्या बहिणी. मेरी थोरली. लंडनमध्ये कॉर्नहिल म्हणून भाग आहे, अगदी बाजारपेठेतला. तिथं या दोघींचं टोप्या, रिबिनी, लेस, बायकांच्या कपड्यांवरच्या साजाचं दुकान. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला! डोरोथीचा नवरा फिलिप कागदपत्रं लिहून द्यायचा, पैशांचे व्यवहार करायचा. कमाई होती, पण माणूस वाईट. मारायचा. बारा मुलं झाली, अकरा तान्हेपणीच गेली. थॉमस एकटा वाचला, तोही कसा, तर पोर गुदमरून निळं पडायला लागलं तेव्हा आईनं स्वतःच्या हातानं त्याची शीर उघडून रक्त काढलं, असं सांगतात. माझ्या अंगावर काटा आला. आपल्याला बोटात सुई गेली तरी चर्रर्र होतं.

तिचे भाऊ ईटनला शिकवायला होते, त्यामुळं पोराला त्या मोठ्या शाळेत जागा मिळाली. पण खर्च? नवऱ्यानं हात वर केलेले. शाळेचा आणि पुढं केंब्रिजचा बहुतेक सगळा भार तिनं दुकानातून उचलला. १७३५ साली ती वकिलाकडं गेली होती. सगळं लिहून दिलं तिनं: नवरा मारतो, घरात काही देत नाही, दुकान मी आणि माझी बहीण चालवतो, मुलाचं मी बघते, आता हा दुकानावरही उठलाय, माझं काय होईल? कायद्यानं तिच्या हाती फारसं काही लागलं नाही. त्या काळी लग्न झालेल्या बाईचं जे असेल ते नवऱ्याचंच धरायचे.

(आमच्याकडं तसं काही नव्हतं, हे इथं लिहून ठेवते. आमचे हे गाडीत झोपले होते तेवढंच. उलट सणासुदीला रात्री दुकानात येऊन हुक लावून द्यायचे.)

१७४१ मध्ये नवरा गेला. पुढच्या वर्षी दोघी बहिणींनी दुकान आवरलं आणि इथं स्टोक पोजेसला आल्या, कारण तिसरी बहीण इथं राहायची आणि तीही तेव्हाच विधवा झालेली. म्हातारपणी तिघी बहिणी एका घरात. मुलगा केंब्रिजहून सुट्टीला यायचा. मला ते घर डोळ्यांपुढं दिसायला लागलं. एकीला चहा गोड लागतो, एकीला फिका, आणि मुलगा येणार म्हणून तिघींची धावपळ.

मेरी १७४९ च्या नोव्हेंबरात गेली. कविता त्यानं आधीच सुरू करून ठेवली होती, मावशी गेल्यावर पुन्हा हातात घेतली असं मानतात, आणि १७५० च्या जूनमध्ये इथंच पुरी केली. बत्तीस कडवी. १५ फेब्रुवारी १७५१ ला छापून आली, किंमत सहा पेन्स. तीही घाईघाईनं, कारण एका मासिकाच्या हाती ती लागली होती आणि ते न विचारता छापणार होते. स्वतःचं नावही घातलं नाही त्यानं. पुढं तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, पण प्रकाशकाकडून यानं पैसे घेतले नाहीत. खानदानी माणसानं लिहिण्याचे पैसे घ्यायचे नसतात म्हणे! आई तेव्हा जिवंत होती. एकेका रिबिनीचा हिशोब ठेवणारी बाई. तिनं काय म्हटलं असेल याचा मी तरी अंदाज करू शकते.

कविता कशावर आहे तेही मुलानं सांगितलं. इथल्या मातीत जे साधे शेतकरी पुरलेत, ज्यांना कुणी ओळखत नाही, त्यांच्यातही कुणी मोठं होऊ शकलं असतं, पण गरिबीनं होऊ दिलं नाही. मला पटली. पण मला कवितेपेक्षा फरशीच जास्त लागली. तिच्यावरची अक्षरंही त्यानंच लिहून दिलीत. मुलानं मराठीत सांगितलं ते असं:

"त्याच श्रद्धेनं, आपल्या मैत्रिणीच्या आणि बहिणीच्या शेजारी, इथं डोरोथी ग्रे विसावली आहे. विधवा. अनेक मुलांची काळजी घेणारी, मायाळू आई. त्यांतल्या एकाच्याच वाट्याला तिच्यामागं जगण्याचं दुर्दैव आलं."

मी त्याला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी तो मध्येच थांबला आणि चष्मा पुसायला लागला. मी यूच्या झाडाकडं बघत राहिले.

मग अक्काला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडं दुपारचे अडीच, सांगलीत सात. तिच्यामागं टीव्ही चालू. मी फोन फरशीवर फिरवला.

"फरशी एका अंगाला कललीय का गं?" अक्का म्हणाली. कटिंग करणाऱ्या माणसाची नजर!

"तुझा फोन वाकडा आहे," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. दोन बहिणी, दुकान, नवरा, पोरगा. 'मैत्रिणीच्या आणि बहिणीच्या शेजारी' हे सांगितलं.

"आधी मैत्रीण म्हटलंय व्हय?"

"हो. आधी मैत्रीण."

थोडा वेळ काही बोलली नाही. मग टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

आता माझी तक्रार, म्हणजे तो कापलेला अर्धा तारा. मेरीच्या ओळीत लिहिलंय: सहासष्टाव्या वर्षी वारली, अविवाहित. एवढंच. डोरोथीच्या ओळीत: विधवा. ज्या दुकानावर हा पोरगा शिकला, ज्याच्या जिवावर पुढं कविता झाली, त्या दुकानाचा एक शब्द नाही दगडावर. रीत तशीच होती, मला कळतं. बाईची ओळख म्हणजे लग्न झालं का, नवरा आहे का. पण लिहिणारा तर त्यांच्याच पैशानं शिकलेला होता ना? एक ओळ वाढली असती तर फरशी पुरली नसती?

हे मी अक्कालाही तावातावानं सांगितलं, कारण अक्कानं लग्न केलेलं नाही आणि आयुष्यभर लोकांनी तिला तेवढंच विचारलंय. तर ती म्हणते, "मग काय लिहायचं होतं? लग्न झालं होतं म्हणून? लिहू दे की. खोटं थोडंच आहे."

तिच्या म्हणण्यावर मी अर्ध्याचा पाव तारा करणार होते. पण नाही केला.

आता त्या पोराच्या बाजूनंही बोलायला हवं. तो ३० जुलै १७७१ ला केंब्रिजला गेला, वय चोपन्न. लग्न नाही, मूल नाही. मोठं नाव झालेलं, सरकारी राजकवीचं पद चालून आलं होतं, तेही नाकारलेलं. कुठंही मानानं पुरलं असतं. पण मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं की मला स्टोकच्या आवारात, माझ्या आईनं बांधून घेतलेल्या तळघरात, तिच्याजवळ ठेवा. आईनं बांधून घेतलेलं, हे लक्षात घ्या. जागासुद्धा तिचीच. गावातल्या प्रामाणिक, कष्टाळू गरिबांना दहा पौंड वाटा, हेही लिहिलं. आणि पेटी कसली हवी? मुरलेल्या ओक लाकडाची, आतून अस्तर नको, वरून कापड नको.

अस्तर नको! मी मोठ्यानं हसले, स्मशानात. दुकानात वाढलेलं पोर ते. अस्तराला किती कापड जातं ते आईच्या पायाशी बसून बघितलं असणार. फरशीवर दुकान नसलं, तरी मृत्युपत्रात मला ते दिसलं.

बाकीच्या गोष्टी पटपट सांगते. चर्च उघडं मिळालं तर आत जरूर जा. एका खिडकीच्या काचेवर चाकाच्या घोड्यासारख्या कशावर तरी बसून तुतारी वाजवणारं नागडं पोर आहे. सायकलवाली खिडकी म्हणतात तिला. काचेवर साल १६४३. आमची सायकल तर फार पुढची.

शेजारच्या मैदानात ग्रेचं मोठं स्मारक आहे. १७९९ मध्ये जॉन पेन यांनी उभं केलं, नकाशा जेम्स वायट यांचा. जॉन यांचे आजोबा विल्यम पेन, अमेरिकेतलं पेन्सिल्व्हेनिया वसवणारे. उंच चौथरा, वर दगडी शवपेटी, बाजूंना कवितेच्या ओळी. आत कुणीच नाही. मला नाही आवडलं. गिऱ्हाइकानं अस्तर नको म्हणून सांगावं आणि शिंप्यानं झालर लावून द्यावी, तसं झालंय. फोटो मात्र त्याच्यापुढंच जास्त काढत होते.

पेन यांचीच पलीकडची ती मोठी हवेली, स्टोक पार्क. ती २०२१ मध्ये रिलायन्सनं घेतली, ५ कोटी ७० लाख पौंडांना. आमचे हे नंतर गाडीतून तेवढंच बघत होते. म्हणाले, "बघ, अंबानीपण तुझ्या कवीच्या शेजारी आले." मी म्हटलं, कवी दहा पौंड वाटून गेला, तेवढं सांगा त्यांना.

चर्चला लागून रक्षा विसर्जनाची बाग आहे. १९३० च्या दशकात सर नोएल मॉब्ज या उद्योजकानं ही जमीन घेतली, कारण घरं वाढत वाढत चर्चच्या अंगावर येणार अशी भीती होती. पाणी, पायवाटा, छोट्या छोट्या खासगी बागा. थडग्यापाशी बसून आजही पलीकडं झाडंच दिसतात, घरं दिसत नाहीत, ती या माणसामुळं. राखेसाठी बाग करून स्मशानाची शांतता राखली, ही युक्ती मला फार पसंत पडली.

खाण्याचं म्हणाल तर आम्ही थर्मासात चहा आणि डब्यात सांगलीहून आणलेलं भडंग नेलं होतं. स्मशानात खायचं कसं म्हणून मी डबा उघडेना. सूनबाई म्हणाली, "आई, इथं लोक बाकावर बसून सँडविच खातात." समोरच्या बाकावर खरंच एक म्हातारं जोडपं खात होतं. मग चार घास खाल्ले, थडग्याकडं पाठ करून. कुरमुरे खाली पडले ते एकेक वेचले. संरक्षित जागा आहे. घरी आल्यावर मी दारातच पायांवर पाणी घेतलं आणि आंघोळ केली. सूनबाई हसली. हसू दे.

जाणार असाल तर: लंडनहून पॅडिंग्टनची गाडी किंवा एलिझाबेथ लाइन पकडून स्लाऊ, तिथून टॅक्सी. बूट घाला, गवत ओलं असतं. चष्मा विसरू नका. आणि भिंतीवरची पाटी वाचून मागं फिरू नका, तिथं फक्त त्याचं नाव आहे. फरशीपाशी या, वाका, आणि वरून पहिली ओळ मेरीची वाचा.

गाडीपाशी आलो तेव्हा हे जागे झाले होते. अक्काचा मेसेजही येऊन पडला होता. तिनं माझ्या फोटोतली फरशी मोठी करून बघितली होती. "मधली ओळ जरा वर चढलीय," तिनं लिहिलं होतं. "पण काम चांगलं आहे."